वळणावर लागणारा बोनिटो

श्रोतेहो, नमस्कार.

गरवायला जाणारे बरेच जण होडी एका जागी उभी करतात, दोर खाली सोडतात आणि वाट बघतात. आज मी बोलणार आहे ते याच्या उलट पद्धतीबद्दल. इथे होडी चालती ठेवायची, मागे वीस-पंचवीस मीटरवर आमिष ओढत न्यायचं आणि मासा धावत येऊन त्याच्यावर झडप घालील असं बघायचं. याला ट्रोलिंग म्हणतात. होडी छोटीच हवी, किंवा कयाक, म्हणजे बसून वल्ह्याने चालवायची अरुंद होडी. आणि मासा म्हणाल तर बोनिटो.

बोनिटो हा कुपा आणि बांगडा यांच्याच कुळातला. पाठीवर तिरके गडद पट्टे, पोट चंदेरी. पट्टे पाठीवर असतील तर बोनिटो, पोटावर असतील तर स्किपजॅक, म्हणजे त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा मासा. एवढं लक्षात ठेवलंत तरी निम्मे वाद मिटतात. बऱ्याच माशांच्या अंगात हवेची पिशवी असते, तिच्या आधाराने ते पाण्यात एका जागी तरंगत राहतात. बोनिटोला ती पिशवीच नसते. शिवाय कल्ल्यांतून पाणी वाहतं राहायचं तर त्याला पुढे जातच राहावं लागतं. म्हणजे हा मासा दिवसरात्र चालूच. समोरून काही पळताना दिसलं की त्याच्या मागे लागायचं, हा त्याचा स्वभाव.

म्हणून सगळे विचारतात, वेग किती ठेवायचा? मोटरच्या होडीला पाच-सहा नॉट, म्हणजे ताशी साधारण ९ ते ११ किलोमीटर. कयाकवाला वल्हं मारून तीन नॉट सहज काढतो, चारला दमतो. यावरून लोक ठरवून टाकतात की कयाकवर बोनिटो लागणं कठीण. मला हे मुळीच पटत नाही. वेग किती, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, वेग बदलतो कधी. पुन्हा सांगतो, वेग बदलतो कधी, तिकडे लक्ष द्या.

हे मी ज्यांच्याकडून शिकलो, त्यांची गोष्ट सांगतो.

आम्ही तिघं होतो. मी आणि एक काका मोटरच्या छोट्या होडीत, आणि आमची एक मैत्रीण कयाकवर. काकांचं सगळं आयुष्य समुद्रावर गेलेलं. नुकतंच उजाडलं होतं. पाण्यावर बारीक लहर होती, वारा नावाला. हिरवट पाणी आणि निळं पाणी जिथे भेटतं तिथे फेसाची आणि वाहून आलेल्या गवताची एक लांबच लांब रेघ पडली होती. त्या रेघेच्या कडेकडेने आम्ही चाललो होतो. मागे दोन दोर. एकाला पिसांचा झुबका लावलेला गळ, दुसऱ्याला बोटभर लांबीचा नकली मासा, पाण्यात बुडी मारून थरथरत चालणारा. बोनिटो तारलीसारखी बारीक मासळी खातो, तेव्हा आमिषही बारीकच हवं.

बराच वेळ काही नाही. मी रॉडच्या टोकाकडे टक लावून बसलेलो. काका एकदाही मागे बघेनात. ते आभाळात बघत होते. तिथे सुरय पक्षी होते, चोची खाली करून, पाण्यापासून दोन-तीन पुरुष उंचीवर घिरट्या घालत. पण सूर एकही मारत नव्हता. काका म्हणाले, “मासळी आहे, पण खाली आहे. पाखरांना दिसते, पण चोच पोचत नाही.”

इथे मला एक बोलायचंच आहे. हल्ली होडी घेतली की पहिल्यांदा मासे दाखवणारा पडदा बसवतात आणि मग सगळी सकाळ त्या पडद्यात डोकं घालून बसतात. यंत्र चांगलंच आहे, खोली कळते, खडक कळतो. पण ते दाखवणार होडीखालचं. पाव किलोमीटरवर सुरय काय करतोय ते त्याला कळत नाही. पक्षी ओळखायला शिका. मी तर म्हणेन, मासेमारी करायची नसली तरी शिका. चार पक्षी नावानिशी ओळखता आले की माणूस मान वर करून चालायला लागतो.

असो. तर काकांनी मोटरच्या वेगाला हातसुद्धा लावला नाही. फक्त सुकाणू हळूच ढकललं आणि होडी डावीकडे मोठ्या वळणावर घेतली. आता बघा काय होतं. वळणाच्या आतल्या बाजूचा दोर क्षणभर सैल पडतो. त्याचं आमिष मंदावतं आणि खाली उतरतं. बाहेरच्या बाजूचं आमिष मोठा फेरा मारतं, म्हणून ते जास्त जोरात पळतं. होडी एकच, मोटर एकच, पण पाण्यात दोन वेग आणि दोन खोल्या. आणि वळण संपताना आतलं आमिष खालून एकदम वर उसळतं.

ते उसळलं आणि डावा रॉड जो वाकला! रिळाने असा आवाज काढला की माझा हात आपोआप मोटरकडे गेला. काकांनी तो धरला. “बंद करू नको. सावकाश चालू दे. थांबलास की दोर ढिला, आणि दोर ढिला की गळ सुटला.” होडी हळूहळू पुढे जात राहिली, आणि मी पहिला मासा जवळ घेतोय तोवर दुसरा रॉडही वाकला. बोनिटो घोळक्याने फिरतो. एक अडकला की बाकीचे त्याच्याबरोबर येतात, हा काय खातोय ते बघायला. त्यासाठीच पहिला मासा लागल्यावर दुसरा दोर घाईने गुंडाळायचा नाही. पुन्हा सांगतो, दुसरा दोर पाण्यातच राहू द्या.

एवढ्यात पाखरांनी सूर मारायला सुरुवात केली. मासळी वर आली होती, पाणी उकळल्यासारखं दिसत होतं. कुणीही होडी तिथे मध्यात घातली असती. काकांनी नाही घातली. ते त्या खळबळीच्या कडेने, अंतर राखून फिरले, म्हणजे होडी बाहेर राहिली आणि फक्त आमिष कडेला घासून गेलं. मधून मोटर गेली की घोळका खाली बसतो, मग कितीही फेऱ्या मारा.

आणि कयाक? ती बिचारी मागून तीन नॉटने येत होती. रॉड बैठकीमागच्या खोबणीत, पिसांचा गळ पाण्यात, आणि काही लागत नव्हतं. काकांनी हाताचा कर्णा करून हाक मारली, “पोरी, पाच वल्ही जोरात मार आणि सोडून दे! मग परत मार!” तिने तसंच केलं. पाच वल्ही, मग शांत. आमिष बुडतं. पुन्हा पाच वल्ही, आमिष उसळतं. आम्ही मोठ्या वळणावर जे करत होतो, तेच ती जागच्या जागी हातांनी करत होती. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्या वेळी वल्हं पाण्यात रुतलं आणि रॉड अर्धवर्तुळ झाला.

आता तिने काय काय केलं ते ऐका, कारण कयाकवर हेच महत्त्वाचं. वल्हं मांडीवर आडवं टाकलं. ते दोरीने कयाकला बांधलेलंच होतं. दोन्ही पाय दोन्ही बाजूंनी पाण्यात सोडले, त्याने कयाक डुलायची थांबली. रॉड हातात घेतला आणि टोक नाळेकडे, सरळ पुढे धरलं. मासा बाजूने ओढू लागला तर कयाक कलंडते, पुढून ओढला तर कयाक त्याच्यामागे जाते, एवढंच. ती तशीच गेली, मासा नेईल तिकडे. मग मासा खाली वळला आणि कयाकच्या बुडाखालून पलीकडे निघाला. तिने रॉडचं टोक पाण्यात बुडवलं, नाळेच्या पुढून फिरवलं आणि दुसऱ्या बाजूला काढलं. दोर कुठे घासला नाही. शेवटी बोनिटो खाली गोल गोल फिरतो. प्रत्येक फेऱ्याला तो थोडा वर येतो, तेव्हा तेवढाच दोर घ्यायचा. तिने ओढाओढ केली नाही. जवळ आल्यावर शेपटीच्या मुळाशी, जिथे अंग बारीक आणि कडक होतं, तिथे पकडून त्याला आत घेतलं.

आणि तो वाजायला लागला! पोकळ प्लास्टिकच्या कयाकवर त्याची शेपटी इतकी भराभर आपटत होती की पाण्यावरून ताशाच ऐकू यावा. काका दोन्ही हात वर करून ओरडले. तिने ओलं फडकं माशाच्या डोळ्यांवर टाकलं, तसा तो निवांत झाला. गळ तिने एकेरी लावला होता, पकडीने एका झटक्यात निघाला. तिहेरी गळ कयाकवर नकोच. मांडीत तडफडणारा मासा आणि तीन टोकं, हे मी कुणालाही करू देणार नाही.

गोष्टीत वेळ बराच गेला, आता भराभर सांगतो. रिळाचा ड्रॅग, म्हणजे किती ताण आल्यावर रीळ दोर सोडायला लागतं तो ताण, दोराच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवा. आमिषाआधी स्विव्हल, म्हणजे गरगर फिरणारी छोटी कडी, हवंच, नाहीतर दोराला पीळ पडतो. आमिषाजवळ तारेची गरज नाही, जाड तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, पुरतो. गाठ घरी शिकून या. खरं तर शाळेतच प्रत्येक मुलाला पाच गाठी शिकवायला हव्यात, आयुष्यभर कामाला येतात. जीवरक्षक जाकीट अंगात घाला, बैठकीखाली ठेवू नका. शिट्टी गळ्यात. वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहत असेल तर कयाक पाण्यात घालूच नका. जाताना सोपं वाटतं, परतताना हात पुरत नाहीत.

आणि मासा हातात आल्यावर फोटोसाठी उन्हात धरून बसू नका. लगेच कल्ल्याजवळ चीर देऊन रक्त काढा. कयाकवर असाल तर बादलीत, पाण्यात सांडू नका, शार्क वासाने येतो. मग बर्फ आणि समुद्राचं पाणी एकत्र करून त्यात मासा पूर्ण बुडवा. या कुळातल्या माशांचं मांस गरम राहिलं की जिवाणू त्यात हिस्टामाइन तयार करतात. ते खाल्ल्यावर तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगावर पुरळ येतं. आणि एकदा तयार झालेलं हिस्टामाइन कितीही शिजवलं, तळलं तरी जात नाही. म्हणून बर्फ घरूनच भरून न्या, मासा लागायच्या आधी. बर्फ नसेल तर त्या दिवशी लागलेला बोनिटो सोडून द्या.

नमस्कार.