लाल ठिपक्यांचा वर्णपट मागा

मंडळी, विषय पत्रिकेत छापलाय तोच आहे: विश्वाच्या बालपणातल्या चिमुकल्या लाल दीर्घिका, ज्या फोटोत नुसत्या लाल ठिपक्यांसारख्या दिसतात. पण आधी एक तक्रार मांडू द्या.

फेब्रुवारी 2023 मध्ये 'नेचर'मध्ये एक शोधनिबंध आला. जेम्स वेब दुर्बिणीच्या छायाचित्रांत सहा लालसर दीर्घिका सापडल्या होत्या. महास्फोटानंतरच्या 50 ते 70 कोटी वर्षांतल्या, आणि तरी वस्तुमान हजार कोटी सूर्यांहून जास्त. एकीचं तर दहा हजार कोटींच्या घरात. एवढ्या लवकर एवढे तारे घडायला वायू आणायचा कुठून? झालं! आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरायला लागला: 'बिग बँग खोटा ठरला. नारळीकर सर बरोबर होते!'

पुण्यात हे होणारच. सरांनी उभारलेली आयुका ही खगोलविज्ञान संस्था उभी राहताना पाहिलेली माणसं या सभागृहात बसली आहेत. सरांवरचं प्रेम मी समजू शकतो, माझंही आहे. पण सरांनी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉएलबरोबर महास्फोटाला आव्हान दिलं ते गणित मांडून, निरीक्षणांवर वाद घालून. अशा माणसाला बातमीच्या मथळ्यावर विजयी घोषित करायचं? मला ते फार लागलं. मी ग्रुपवर लांबलचक उत्तर लिहिलं. त्यावर चार नमस्काराचे हात आले आणि पुढचा मेसेज पाण्याच्या टँकरचा होता.

मूळ निबंधात तरी काय होतं? त्या दीर्घिका 'संभाव्य' आहेत, असं लेखकांनी स्वच्छ लिहिलं होतं. वेगवेगळ्या फिल्टरांतून ठिपका किती उजळ दिसतो, यावरून अंतर आणि वस्तुमान काढलं होतं. वर्णपट, म्हणजे प्रकाश तरंगलांबीनुसार उलगडून केलेली नोंद, यायचे होते. आणि लाल रंग एकाच कारणाने येत नाही. विश्व प्रसरण पावतं म्हणून प्रकाश ताणला जातो. तारे म्हातारे असले तरी लाली येते. मध्ये धूळ असली तरी येते, उन्हाळ्यात सिंहगडावरून मावळता सूर्य दिसतो तशी. शिवाय वेबचा कॅमेरा बहुतांश अवरक्त प्रकाश टिपतो, चित्रातले रंग आपण नंतर भरतो. म्हणून माझा हट्ट आहे: फोटो पाहून हरखून जा, पण निकाल देण्याआधी वर्णपट मागा. त्या सहांपैकी एकीची ताम्रसृती, म्हणजे प्रकाश किती ताणला गेला ते सांगणारा आकडा, 8.1 धरली होती. वर्णपटाने ती 5.6 ठरवली. म्हणजे ती महास्फोटानंतर साठेक कोटी वर्षांऐवजी जवळजवळ शंभर कोटी वर्षांनंतरची निघाली!

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरली. भराभर सांगतो.

अशा अनेक लाल ठिपक्यांच्या वर्णपटांत हायड्रोजनच्या रेषा रुंदावलेल्या दिसल्या. म्हणजे वायू सेकंदाला हजारांहून जास्त किलोमीटर वेगाने फिरतोय, मध्ये बहुधा भुकेलं कृष्णविवर आहे. कृष्णविवरात पडणारा वायू तापून क्ष-किरण सोडतो, मग ते दिसायला हवेत. आपल्या खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखरांच्या नावाच्या 'चंद्रा' या क्ष-किरण दुर्बिणीला बहुतेक ठिपक्यांत ते दिसलेच नाहीत. लाली धुळीची असेल म्हणावं, तर तापलेल्या धुळीची ऊब चिलीतल्या 'आल्मा' या रेडिओ दुर्बिणीला दिसायला हवी, तीही नाही.

2025 मध्ये 'द क्लिफ' नावाच्या ठिपक्याने वाट दाखवली. त्याच्या वर्णपटात प्रकाश एका जागी इतका एकदम चढतो की धूळ किंवा जुने तारे ते करू शकत नाहीत. दाट हायड्रोजनात गुंडाळलेलं कृष्णविवर मात्र करू शकतं. ते वेष्टण तापून अवाढव्य ताऱ्यासारखं दिसतं, क्ष-किरण आतच अडकतात. सध्या मला हेच सर्वांत पटतं.

शेवटचा मुद्दा. अबेल 2744 या दीर्घिकासमूहामागे असाच एक ठिपका आहे. समूहाच्या गुरुत्वाकर्षणामुळे त्याचा प्रकाश वाकतो आणि तो तीन ठिकाणी दिसतो. ठिपक्यातला वायू कसा फिरतो ते मोजून कृष्णविवराचं वस्तुमान सुमारे 5 कोटी सूर्यांइतकं निघालं, आणि भोवतीच्या ताऱ्यांचं मिळून त्याहून कमी. आपल्या आकाशगंगेत कृष्णविवर 40 लाख सूर्यांचं, आणि तारे त्याच्या हजारो पट. मग आधी कृष्णविवर आणि नंतर दीर्घिका, असा क्रम तर नाही? मला वाटतं, असावा. पण ठरायला असे आणखी कितीतरी ठिपके असेच मोजावे लागतील. आता प्रश्न घेऊ या.