पाण्याचा डाव

(दृश्य: डोंगरउतारावरची भातखाचरं, मधून वाहणारा ओढा. काही क्षण फक्त पाण्याचा आवाज. मग निवेदन.)

भूतानच्या पश्चिम भागात, पुनाखा जिल्ह्यात, लिंगमुतेच्छू नावाचं छोटं पाणलोट क्षेत्र आहे. वरच्या अंगाला लिंबुखा गाव, खालच्या अंगाला डोम्पोला. दोन्ही गावं भात पिकवतात आणि दोघांच्या खाचरांना पाणी मिळतं ते एकाच प्रवाहातून.

या पाण्याचा रिवाज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. भूतानी पंचांगातल्या पाचव्या महिन्याची दहावी तिथी उजाडेपर्यंत पाण्यावर पहिला हक्क लिंबुखाचा. त्या दिवशी वरचं गाव खालच्या गावासाठी पाणी सोडणार. डोम्पोलाच्या शेतकऱ्याची रोपं तरारून उभी असली, तरी चिखलणीला पाणी नाही. लावणी लांबली की पुढचं सगळं लांबतं. आपल्याकडे कालव्याच्या शेपटाला शेत असणाऱ्या कोणालाही ही तगमग वेगळी समजावून सांगायला नको.

2003 साली या दोन गावांतल्या शेतकऱ्यांना संशोधकांनी एक खेळ खेळायला बसवलं.

(दृश्य: जमिनीवर पसरलेला पट, रंगीत पत्ते, भोवती बसलेली माणसं.)

खेळाडूला वाट्याची खाचरं मिळतात. पाऊस किती, ते पत्ता उलटला की कळतं. त्यावर किती खाचरं लावायची ते ठरवायचं. पाणी उरलं तर कोणाला द्यायचं, कमी पडलं तर कोणाकडे मागायचं, हेही ज्याचं त्यानं बघायचं. डाव तीन तऱ्हांनी झाला. आधी बोलणी फक्त आपापल्या गावात. मग दोन्ही गावं एकमेकांशी बोलणार. आणि तिसऱ्या वेळी जागांची अदलाबदल: लिंबुखाचा माणूस डोम्पोलाच्या जागी, डोम्पोलाचा लिंबुखाच्या.

या तिसऱ्या डावापाशी थोडं थांबायला हवं. वरच्या गावातला माणूस एरवी खालच्यांची तक्रार ऐकतो, तेव्हा ती त्याला शेजाऱ्याची कुरकुर वाटते. इथं त्याच्याच पुढ्यात कोरडी खाचरं पडलेली. पावसाचा पत्ता उलटलाय, पाऊस कमी. आता मागायला जायचंय त्यालाच. आणि समोर बसलेल्या डोम्पोलाच्या शेतकऱ्याच्या हातात, निदान या पटावर, पाण्याचं दार आलंय. ते किती उघडायचं हे त्याला ठरवायचंय. आपली खाचरं आधी भरून घ्यायचा मोह काय असतो, ते त्यालाही कळणार. तासभराच्या भाषणानं जे होत नाही, ते जागा बदलल्यानं होतं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

नंतर हाच खेळ संगणकावर उतरवला गेला. पाऊस वाढला तर काय, देवाणघेवाण वाढली तर काय, असे कितीतरी हंगाम भराभर चालवून बघता आले. पडद्यावर काय चाललंय ते शेतकऱ्यांना कळत होतं, कारण त्याचे नियम त्यांनी आधी स्वतः खेळून तपासले होते. चर्चा पुढे सरकत गेली आणि अखेर ठोस करार झाला, पाणलोटाचा कारभार एकत्रित बघणारी संस्था उभी राहिली.

या पद्धतीची मुळं फ्रेंच संशोधकांच्या कामात आहेत. सेनेगल नदीच्या खोऱ्यातही त्यांनी सिंचनाचं संगणकी प्रारूप शेतकऱ्यांसमोर उलगडायला खेळाचाच आधार घेतला होता. अमेरिकेत डेनिस मेडोज यांनी मासेमारीवर असाच खेळ रचला, फिशबँक्स. खेळाडू कंपन्या चालवतात, बोटी घेतात, आणि बऱ्याचदा समुद्रातले मासे संपवून बसतात. जगभरच्या वर्गांतून तो खेळला जातो.

पण वर्गातला विद्यार्थी डाव हरला तर घरी जातो. ज्याची खरी बोअर आटणार आहे, त्यानं खेळायचं ठरवलं तर?

(दृश्य: रायलसीमा. खडकाळ माळ, भुईमुगाची शेतं, मधेच एखादं हिरवंगार भाताचं खाचर. पंपाचा आवाज.)

आंध्र प्रदेशातला रायलसीमा हा कमी पावसाचा, कठीण खडकाचा प्रदेश. खडकाच्या भेगांत मुरेल तेवढंच भूजल. एकानं खोल बोअर मारली की शेजाऱ्याची आटते. तो आणखी खोल जातो. कर्ज दोघांच्याही डोक्यावर.

2013-14 च्या सुमारास फाउंडेशन फॉर इकॉलॉजिकल सिक्युरिटी ही संस्था आणि रुथ माइनझेन-डिक, मार्को यान्सेन यांच्यासारखे संशोधक आंध्रातल्या वस्त्यांवर भूजलाचा खेळ घेऊन गेले. पाच-पाच जणांचे गट केले, पुरुषांचे वेगळे, बायकांचे वेगळे. प्रत्येकानं दर हंगामाला दोनातलं एक पीक निवडायचं. एक कमी पाण्याचं आणि कमी पैशाचं, दुसरं जास्त पाण्याचं आणि जास्त पैशाचं.

समजायला सोपे आकडे धरू. जमिनीखाली 50 घागरी पाणी आहे आणि दर पावसाळ्यात 5 घागरी मुरतात. कमी पाण्याचं पीक 1 घागर पितं, जास्त पाण्याचं 3. पाचही जणांनी कमी पाण्याचं पीक घेतलं, तर मुरतं तेवढंच उपसलं जातं आणि डाव कितीही हंगाम चालतो. पाचही जणांनी दुसरं घेतलं, तर दर हंगामाला 15 घागरी जातात, म्हणजे 10 ची तूट. पाचव्या हंगामाला हिशेब संपला. आता बाकीच्या चौघांनी संयम पाळला आणि मी एकट्यानं जास्त पाण्याचं पीक घेतलं, तर? तूट फक्त 2 घागरींची, ती पाचही जणांत वाटली जाते. जास्तीचा पैसा मात्र पूर्ण माझा. हे गणित पाचही जणांच्या डोक्यात एकाच वेळी सुरू असतं.

सुरुवातीचे डाव गुपचूप खेळायचे, आपापसात बोलायचं नाही. मग बोलायला मोकळीक. एलिनोर ऑस्ट्रॉम यांना 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते सामायिक संसाधनांच्या कारभारावरच्या कामासाठी. प्रयोगशाळेतल्या अशाच डावांत त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं होतं की माणसांना नुसतं एकमेकांशी बोलू दिलं, कोणतीही सक्ती नसली, तरी ती सामायिक साठा कितीतरी जपून वापरतात.

डाव संपल्यावर सगळी वस्ती एकत्र बसते. माझ्या मते खरं काम सुरू होतं ते इथं. पटावर पाणी कधी संपलं, कोणामुळे संपलं, आणि आपल्या शिवारात आज हेच चाललंय का? शेजाऱ्याचं नाव घेऊन गावात जे बोलता येत नाही, ते खेळातल्या खेळाडूबद्दल बोलता येतं. कोणाचा अपमान होत नाही आणि विषय मात्र सगळ्यांना कळतो.

वर्षभरानं संशोधकांनी परत जाऊन पाहिलं. जिथं खेळ झाले होते त्या वस्त्यांत पाण्याची नोंदवही ठेवण्याचं आणि भूजलाचे नियम करण्याचं प्रमाण, त्याच संस्थेच्या कार्यक्रमातल्या पण खेळ न झालेल्या वस्त्यांपेक्षा, लक्षणीय जास्त होतं. नोंदवही ऐकायला किरकोळ वाटते. पण कोणाच्या विहिरीत किती पाणी आहे हे वहीत उतरलं, की ते एकट्याचं राहत नाही.

(दृश्य: पिकांचे दोन पत्ते शेजारी-शेजारी. कॅमेरा त्यांवर छापलेल्या नफ्याच्या आकड्यावर स्थिरावतो.)

आता या पत्त्याकडे पुन्हा बघा. जास्त पाण्याच्या पिकाला जास्त पैसे, हा आकडा पत्त्यावर कोणी छापला?

खेळात तो संशोधकांनी छापला. शिवारात तो धोरण छापतं. आंध्रात 2004 पासून शेतीला मोफत वीज आहे. महाराष्ट्रातही 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज आहे. उसाला दराची हमी आहे आणि तोड करून नेणारा कारखाना आहे. ज्वारी-बाजरीला हमीभाव जाहीर होतो, पण तो हातात पडेल याची खात्री नाही. ज्याच्यापुढे असे पत्ते वाटले गेलेत, त्या शेतकऱ्याला खेळाच्या शेवटी ‘बघा, तुम्ही पाणी कसं संपवलंत’ एवढंच ऐकवणं हा अन्याय आहे. त्याच पटाभोवती वीज कंपनीचा अधिकारी, पाटबंधारे खात्याचा अभियंता, साखर कारखान्याचा संचालक बसायला हवा. लिंबुखा-डोम्पोलात गावांनी जागा बदलल्या, तशा इथं खुर्च्या बदलायला हव्यात. अधिकाऱ्यानं तीन एकरवाला कोरडवाहू शेतकरी व्हावं, शेतकऱ्यानं विजेचा दर ठरवावा. मग त्याच डावात पत्त्यावरचे आकडे बदलून बघावेत: डाळीची खात्रीशीर खरेदी झाली तर काय होतं, वीज मोजून दिली तर काय होतं, आणि त्यात कोणाच्या घरचं काय जातं.

(दृश्य: पुरंदर तालुका. उपसा सिंचनाची पाइपलाइन, उतारावरची शेतं.)

पाण्याचे नियम एकत्र बसून ठरवणं महाराष्ट्राला नवं नाही. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायतीचं काम उभं केलं. पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर ठरायचा नाही, घरातल्या माणसांवर ठरायचा. माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढं पाणी, त्यालाही कुटुंबामागे मर्यादा. भूमिहीनाचाही वाटा. ऊस घ्यायचा नाही. असे नियम बैठकीत मान्य होईपर्यंत किती वाद झडत असतील, याची कल्पना करा. तो वाद आधी पटावर घालून बघण्याची सोय खेळ देतो, आणि तिथं चूक झाली तर कोणाचं पीक जळत नाही.

भूजल जपण्यासाठीच्या अटल भूजल योजनेतल्या गावांमध्ये पाण्याचा ताळेबंद मांडला गेला. पाऊस किती पडला, मुरला किती, पिण्याला किती, पिकाला किती. अनेक ठिकाणी तो तक्ता भिंतीवर रंगवलेला दिसतो. असा तक्ता ग्रामसभेपुढे ठेवण्याच्या आदल्या दिवशी, त्याच गावाचे आकडे घेऊन हा डाव मांडता येईल. पाच खेळाडू, एक पट, पिकांचे पत्ते. बायकांचा वेगळा गट हवाच, आणि दोन खुर्च्या तालुक्याहून येणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी. वेळ ऑक्टोबरची, पाऊस सरल्यावर आणि रब्बीचं बियाणं घरात यायच्या आत.