'काही करत नाही हो तो!'

नमस्कार, श्रोतेहो. पुण्यातल्या कुठल्याही टेकडीवर सकाळी साडेसहाला जाऊन उभे राहा. थोड्याच वेळात एक वाक्य कानावर पडेल, "घाबरू नका, काही करत नाही हो तो!" हे वाक्य नेहमी लांबून येतं. बोलणारा पन्नास पावलं मागे असतो, आणि ज्याच्याविषयी बोलणं चाललंय तो पुढचे दोन पाय तुमच्या छातीवर टेकवून उभा असतो.

मी स्वतः हे वाक्य कितीदा म्हटलंय याची मोजदाद नाही. आमच्याकडे चिकू आहे. अर्धा लॅब्रेडोर, उरलेला अर्धा कोण ते त्याच्या आईलाच ठाऊक. चार वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, वेताळ टेकडीवर खाणीकडे जाणाऱ्या पायवाटेवर मी त्याचा पट्टा काढला. रोजच काढायचे. समोरून एक आजोबा येत होते. पांढरा शर्ट, कानटोपी, हातात काठी. आणि चिकूला काठी म्हणजे खेळ. "चिकू! चिकू, इकडे! चिकू, नो!" तोवर शर्टावर चिखलाचे दोन पंजे उमटलेसुद्धा. नशिबानं आजोबा पडले नाहीत, बाजूच्या दगडावर मटकन बसले. मी धापा टाकत पोचले आणि सवयीनं तेच बोलले, "काही करत नाही हो तो." आजोबांनी चष्मा पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "हे तुम्ही मला सांगताय. त्याला सांगितलंय का?"

खरं सांगते, घरी येईपर्यंत मला त्यांचाच राग आला होता. एवढं काय झालं, शर्ट धुता येतो की! राग उतरायला दोन दिवस लागले. दिवाळीचा पहिला फटाका वाजला की कॉटखाली शिरणारा चिकू मला ठाऊक आहे. आजोबांना दिसलं ते तीस किलोचं जनावर, अंगावर धावून येणारं. त्यांना लहानपणी कुत्रा चावलेला असेल. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असेल, आणि तसं असेल तर साधा ओरखडासुद्धा वाहतच राहतो. शिवाय ओरखडा उठला की रेबीजची धास्ती. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची, लगेच डॉक्टर गाठायचा, लशीचे डोस ठरल्या दिवशी घ्यायचे. या आजाराची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, त्यामुळे 'बघू उद्या' म्हणायची सोय नसते. अशा वेळी मालक "लस दिलीय हो" म्हणतो. कागद मात्र घरी असतो.

कायद्याचंही सांगून टाकते. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम २९१ नुसार, आपल्या ताब्यातल्या जनावरामुळे माणसाच्या जिवाला धोका किंवा जबर दुखापत संभवते आणि तरीही आपण पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंडसंहितेत दंडाची मर्यादा एक हजार होती. चिखलाच्या पंजांसाठी कुणी हे कलम लावणार नाही. आजोबा दगडावर बसण्याऐवजी दगडावर आपटले असते तर गोष्ट वेगळी.

आता श्वानप्रेमी मंडळी म्हणतील, मग कुत्र्यानं पळायचं कुठे? तक्रार रास्त आहे. उद्यानाच्या फाटकावर बहुधा मनाईची पाटी असते, सोसायटीत गाड्या, रस्त्यावर तर विचारूच नका. आणि १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात तर कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हाही गुन्हा आहे. हैदराबादच्या महापालिकेनं २०१८ मध्ये कोंडापूरला खास कुत्र्यांसाठी बाग केली. तशा कुंपण घातलेल्या जागा पुण्यात वॉर्डावॉर्डात हव्यात, आणि त्या मागायला आपण मालकांनीच जायला हवं. पण जागा मिळेपर्यंत टेकडी आपल्या एकट्यांची होत नाही.

तर त्या प्रसंगानंतर मी चिकूला शिकवणीला घातलं. शिकवणाऱ्यांनी मलाच पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही किती हाका मारता?" म्हटलं, पाच-सहा. "म्हणजे पहिल्या चार हाकांकडे लक्ष द्यायचं नसतं, हे त्याला तुम्हीच शिकवलंत." दुसरा प्रश्न, "हाक कधी मारता?" घरी निघायची वेळ झाली की. म्हणजे चिकूच्या लेखी 'इकडे ये' याचा अर्थ 'मजा संपली'. कोण येईल? आणि उशिरा का होईना, आला की मी त्याला रागवायचे. म्हणजे येण्याचीच शिक्षा!

मग दहा मीटर सुती दोरी आणली. ती गळपट्ट्याला बांधायची नाही, हिसका बसला तर मान दुखावते. छातीवरून जाणाऱ्या हार्नेसला अडकवायची. एकदाच हाक. आला की उकडलेल्या चिकनचा तुकडा, आणि लगेच पुन्हा खेळायला सोडायचं. आधी घरात, मग पार्किंगमध्ये, मग भर दुपारी टेकडीवर चिटपाखरू नसताना. एका हाकेला ओ द्यायला त्याला चार महिने लागले. तरीही मोर ओरडला की आजही त्याचे कान बंद होतात. टेकडीवर लांडोरी पावसाळ्यात जमिनीवरच अंडी घालतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर आमची दोरी सुटत नाही. कारवान किंवा मुधोळ पाळणाऱ्यांनी तर स्वतःला फसवूच नये. नजरेवर शिकार करणारी ही कुत्री. ससा हलला की तुमची हाक आणि वारा त्यांना सारखाच. बीगलचं नाक जमिनीला लागलं की तोच प्रकार.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. तुमचा मोकळा कुत्रा 'मैत्री करायला' दुसऱ्याच्या बांधलेल्या कुत्र्याकडे धावतो. त्या बांधलेल्याला पळून जायची सोय नसते, म्हणून तो दात दाखवतो. जुंपते. सोडवायला मालक मध्ये हात घालतो आणि चावा बसतो त्यालाच. "शेपूट हलवतोय की!" असं कुणी म्हणालं तर शेपटाखालचं अंगही बघा. ताठ, उंच शेपूट भराभर हलतेय आणि अंग लाकडासारखं कडक झालंय, ही दोस्ती नव्हे. आपल्याकडे दत्तगुरूंच्या तसबिरीत चार श्वान असतात, चारही गुरूंच्या पायाशी. भक्ताच्या अंगावर उडी मारणारा एकही मी अजून पाहिलेला नाही.

शी उचलायची पिशवी खिशात ठेवा, हे रेडिओवरून सांगायची वेळ यावी याचंच मला नवल वाटतं, म्हणून ते इथेच सोडते.

ते आजोबा अजून भेटतात. नमस्कार होतो, पावसाविषयी बोलणं होतं. चिकू आता नऊ वर्षांचा झालाय, तोंडाजवळ पांढरा दिसू लागलाय, काठीकडे ढुंकूनही बघत नाही. तरी आम्ही दिसलो की आजोबा काठी डाव्या हातातून उजव्या हातात घेतात. मीही पट्टा हातभर आखूड धरते आणि पायवाटेच्या कडेला होते. आधी ते जातात, मग आम्ही.

नमस्कार.