पाहुण्याने गळ कुठे टाकावा

(दादरमध्ये पर्यटनप्रेमी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. आजचा विषय हिमालयात फिरायला जाणाऱ्यांसाठी गोड्या पाण्यातली मासेमारी. कुठे जायचं, कधी जायचं, परवाना कसला, हे सगळं सांगणार आहे. त्याआधी एक गोष्ट मनात बरीच वर्षं साचली आहे, ती तुमच्यापुढे मोकळी करतो.

इथे गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जाणारे किती जण आहेत? हात वर करा जरा. वा! वरळी, मढ, आणि वेसाव्याची मंडळी तर थेट पहिल्या रांगेत. म्हणजे आज माशाबद्दल एक शब्द इकडचा तिकडे करायची सोय नाही. जिताडा कुठल्या पाण्याला लागतो, पालू कुठल्या खडकापाशी बसतो, हे तुम्हीच मला शिकवाल. पण हीच मंडळी मे महिन्यात घरच्यांना घेऊन कुलू-मनालीला निघतात. मंडी सुटली की बियास रस्त्याच्या कडेने धावत असते, तासन् तास. गाडी थांबते कुठे? शालींच्या दुकानाशी आणि बर्फापाशी. नदीच्या वाट्याला एक फोटो.

आणि ज्याला गळाची आठवण होते, त्याला काय मिळतं ते ऐका. आम्ही उतरलो होतो त्या हॉटेलच्या पत्रकात 'ट्राउट फिशिंग' असं ठळक छापलेलं होतं. ट्राउट म्हणजे थंड, वाहत्या पाण्यातला मासा. माझ्याबरोबर भाचा होता, नववीतला. त्याने रात्रीच रॉड जोडून ठेवला. सकाळी आम्हाला नेलं ते स्वयंपाकघराच्या मागे. तिथे सिमेंटची टाकी, गुडघ्याच्या वर पाणी, आणि त्यात शेकड्याने रेनबो ट्राउट. गळ पाण्यात पडतो न पडतो तोच मासा लागला. लागणारच. त्यांना रोज त्याच वेळी त्याच हाताने खाद्य मिळायचं. पोरगा खूश झाला, टाळ्या पडल्या, मासा वजनकाट्यावर गेला, किलोचा भाव लावला, आणि तासाभरात तो ताटात आला.

मी तो मासा हातात घेऊन पाहिला होता. पाठीवरचा पर झिजून बोथट झालेला, शेपटीच्या कडा खाल्ल्यासारख्या. दाटीवाटीत एकमेकांना चावून आणि सिमेंटला घासून तसं होतं. ट्राउट पाळायला माझा मुळीच विरोध नाही. कुलू खोऱ्यात पतलीकुहलला नॉर्वेच्या मदतीने रेनबोची शेती उभी राहिली, त्यावर आज खोऱ्यातली किती घरं चालतात. टाकीतला मासा विकत घ्या, खा, उत्तम असतो. फक्त त्याला मासेमारी म्हणून पोरांच्या हातात देऊ नका.

खरा राग मला आला तो पुढे. मी विचारलं, नदीवर जायचंय, परवाना कुठे मिळेल? हॉटेलवाला म्हणाला, "परवाना कशाला साहेब, कोण बघतंय?" या एका वाक्यासाठी मी आज इथे उभा आहे.

कोण बघतंय? नदीवरचा वॉचर बघतो. मत्स्यखात्याचा हा माणूस थंडीवाऱ्यात काठाने फिरतो, ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारणाऱ्यांना हटकतो, सुरुंग लावणाऱ्यांच्या मागे धावतो. तुम्ही परवाना काढलात की खात्याच्या दप्तरात नोंद होते, की या नदीवर माणसं माशासाठी येतात. कुलू जिल्ह्यातल्या तीर्थन नदीचं उदाहरण घ्या. त्या नदीवर जलविद्युत प्रकल्प येऊ घातले होते. तिथल्या लोकांनी विरोध केला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि तीर्थन मोकळी राहिली. या नदीत ट्राउट आहे, हा त्या लढ्यातला एक मुद्दा होता. म्हणजे मासा हा नदीच्या बाजूने उभा राहणारा साक्षीदार झाला. परवान्याशिवाय गळ टाकणारा पाहुणा त्या साक्षीदाराची साक्ष पुसून टाकतो. एवढंच माझं म्हणणं आहे, आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगत राहणार.

आता कुणी विचारेल, ट्राउट मुळात आपला कुठे? बरोबर. १८९९ साली इंग्लंडहून काश्मीरला पाठवलेली अंडी वाटेतच मेली. पुढच्या वर्षी स्कॉटलंडहून आली ती जगली. १९०९च्या सुमारास काश्मीरमधून ब्राउन ट्राउट कुलूत पोचला. हिमालयाचा स्वतःचा मासा म्हणजे असेला, आणि खाली कोमट पाण्यात महासीर. परक्या ट्राउटने असेल्याची जागा बरीच खाल्ली, हेही खरं. म्हणून असेला गळाला लागला तर सोडून द्या. त्याच्या घरी आपण आणि ट्राउट, दोघेही पाहुणे.

समुद्राची सवय असलेल्यांनी एक गोष्ट डोक्यात पक्की करावी. तिथे भरती-ओहोटी नाही, पण पाण्याचं घड्याळ आहे. मे-जूनमध्ये पहाटे पाणी कमी आणि नितळ असतं. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो, दुपारनंतर तेच पाणी गढूळ होऊन वाढतं. तेव्हा गळ टाकायचा तो सकाळी. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून त्याच्या मागून, खालच्या अंगाने वर सरकत जायचं. मोठ्या दगडाआड जिथे पाणी मंदावतं, तिथे तो असतो. आपली सावली पाण्यावर पडली की तो गेलाच म्हणून समजा. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा, म्हणजे मासा सोडताना जबडा फाटत नाही. हात आधी ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासाही मग रोगाने मरतो.

संयोजक घड्याळ दाखवतायत. पावणेआठला हॉल नाटकाच्या तालमीला द्यायचाय म्हणे. विषय तर आत्ता सुरू होतोय! असो, भराभर सांगतो, लिहून घ्या.

हिमाचलात ट्राउटचा हंगाम मार्च ते ऑक्टोबर. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत बंदी, कारण थंडीत मादी वाळू-खड्यांत अंडी घालते. परवाना मत्स्यखात्याकडून, दिवसाच्या हिशोबाने मिळतो. किती मासे आणि केवढे ठेवता येतात ते तिथेच विचारून घ्या. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तीर्थन गाठावी. ज्यांना गर्दी नको त्यांनी बरोटला ऊल नदीवर जावं. वेळ असेल तर रोहडूची पब्बर आणि सांगल्याची बास्पा. काश्मीरमध्ये लिद्दरसारख्या नद्यांचे टप्पे पाडलेले आहेत, त्याला बीट म्हणतात. परवाना त्या बीटपुरता असतो, दुसऱ्या बीटवर चालत नाही. तिथला हंगाम एप्रिल ते सप्टेंबर.

महासीरसाठी उत्तराखंड. काली आणि सरयूच्या संगमावरचं पंचेश्वर, कॉर्बेटच्या बाहेरची रामगंगा. सोनेरी महासीर आययूसीएन या निसर्गरक्षणाच्या जागतिक संघटनेच्या धोक्यातल्या यादीत आहे, त्यामुळे लागला तर पाण्यातच गळ सोडवायचा आणि जाऊ द्यायचा. अभयारण्याच्या हद्दीत गळ काढायचाच नाही. कुठली हद्द कुठे संपते ते वनखात्याला विचारा, गाइडला नाही.

ज्यांचं हिमालयाला जाणं या वर्षी होणार नाही, त्यांनी वाड्याजवळ तिळस्याला वैतरणेच्या डोहात, नाहीतर महाडजवळ वाळणकोंडीला महासीर पाहून यावेत. तिथे मासे देवाचे, गळ बंद. चुरमुरे घेऊन जा आणि मुलांना दाखवा, म्हणजे महासीर केवढा होतो ते कळेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बियाससारख्या धरणं बांधलेल्या नदीच्या पात्रात उतरू नका. २०१४च्या जूनमध्ये बियासच्या लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे २४ इंजिनिअरिंगचे विद्यार्थी वाहून गेले. पात्र कोरडं दिसलं म्हणून दगडांवर जाऊन उभे होते. धरणाचा भोंगा वाजो न वाजो, तिथे काठावरच राहायचं.

तीर्थनला पोचायचं कसं, असं मागून विचारतायत. सोपं आहे. मनालीच्या रात्रीच्या बसमध्ये कंडक्टरला आधीच सांगून ठेवा, औटला बोगद्याच्या अलीकडे उतरायचंय. तिथून बंजारकडे जाणारी बस किंवा जीप. आणि मुक्कामाच्या ठिकाणी चहा सांगायच्या आधी मत्स्यखात्याचं ऑफिस कुठे आहे, ते विचारा.