बुरशी पुसा, आवाज पुसू नका

पत्रिकेवर विषय छापलाय 'कोळीवाड्यातल्या कॅसेटी आणि त्यांतली भाषा'. भाषेकडे येणारच आहे, पण आधी बुरशी. हसू नका! मुंबईपासून मुरूडपर्यंत फळ्यांवर, ट्रंकांत धवलारणींचे, म्हणजे लग्न लावणाऱ्या गाणाऱ्या बायांचे, धवले आणि म्हाताऱ्या तांडेलांच्या, म्हणजे होडीच्या प्रमुखांच्या, गप्पा पडून आहेत, आणि आपल्याकडे चार महिने पावसाळा. टेपच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसली की ती कॅसेट वाजवायची नाही. वाजवलीत तर बुरशी टेप वाचणाऱ्या हेडला, रबरी रोलरला लागते आणि पुढची सोवळी कॅसेटही बाटते.

आधी सिलिका जेल घालून बंद डब्यात चांगली वाळवा. ओली बुरशी पुसायला गेलात तर फासली जाते. वाळली की मऊ ब्रशने निघते. हे काम घराबाहेर, मास्क लावून. मग वरच्या कडेचे दोन्ही टॅब मोडा, म्हणजे चुकून लाल बटण दाबलं तरी आजीवर भजन टेप होणार नाही. पेन्सिल घालून चाक फिरवून बघा. अडलं तर जोर नको. स्क्रू काढून रिळं दुसऱ्या, धडक्या खोक्यात बसवा. आणि फ्रीजचं कुणीतरी विचारणारच. फ्रीजमध्ये बोंबील ठेवा. कॅसेट तिथून दमट हवेत काढली की तिच्यावर दव धरतं.

आता माझं खरं दुखणं. बहुतेक रेकॉर्डिंग साध्या मोनो टेपरेकॉर्डरवरची. त्याचं हेड केसभर तिरपं असलं, तर चांगल्या डेकवर तीच कॅसेट तोंडात रुमाल कोंबल्यासारखी वाजते. लोक म्हणतात, टेप गेली. टेप ठणठणीत असते हो! हेडशेजारी स्प्रिंगवाला छोटा स्क्रू असतो. दोन्ही चॅनल एकत्र करून ऐका, स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवा, आणि स, श, च सगळ्यांत धारदार जिथे ऐकू येतील तिथे थांबा. स्क्रूड्रायव्हर चुंबकी नको. कॅसेट उलटली की पुन्हा पहिल्यापासून. याचा कंटाळा केलात तर नंतर संगणकावर ट्रेबल चढवून फक्त खरखर चढते. डेकवर डॉल्बी नावाचं खरखर कमी करायचं बटण असतं. कॅसेट ते लावून भरलीय का माहीत नसेल तर ते बंदच ठेवा.

फाइल डब्ल्यूएव्ही, ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट. स्टिरिओत ९० मिनिटांची कॅसेट साधारण ३ जीबी होते. तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या गावी. एमपी३ नातवंडांना पाठवायला ठीक, पण तिला मूळ प्रत म्हणू नका. अशा ५० कॅसेटी म्हणजे ७५ तास नुसतं वाजवणं. इथे पळवाट नाही. आणि ते नॉइज काढायचं बटण मूळ प्रतीवर दाबू नका. त्याने लाट जाते, ओट्यावरचं भांडण जातं आणि हळू बोलणाऱ्या म्हाताऱ्याच्या वाक्यांची शेपटंही जातात.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, भाषा.

टेपवरची आजी 'नारली पुनव' म्हणाली असेल तर 'नारली पुनव'च लिहा. 'पानी', 'कोली' तसंच. ळचा ल, णचा न ही तिची चूक नव्हे, बोली आहे. उतरवून घेताना शुद्धलेखन लावणं म्हणजे तेच नॉइज काढायचं बटण, फक्त हाताने दाबलेलं. दुसरं, धंद्याचे शब्द. डोल जाळं एका जागी रोवून बांधलेलं. पाण्याच्या ओढीवर त्यात मासळी शिरते. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, ओढ मोठी. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, मंद. म्हणून तांडेल तारीख सांगत नाही, तिथी सांगतो. हे ठाऊक नसलेला माणूस 'भांगात जाळं टाकत नव्हतो' यापुढे व्यसनमुक्तीची टीप लिहील!

तिसरं: दर पाच मिनिटांना वेळ लिहून दोन शब्दांत विषय नोंदवा, नाहीतर ७५ तास पुन्हा कोण ऐकतंय? ऐकवण्याआधी घरच्यांना विचारा. धवल्यांना हरकत नसते, जमिनीच्या भांडणांना असते. आणि कॅसेटच्या कागदावरचं बॉलपेनचं अक्षर. बुरशी झटकण्याआधी त्याचा फोटो काढा. गाव, साल, बोलणारी कोण, हे बहुधा तेवढंच असतं आणि ब्रशबरोबर तेही निघून येतं. प्रश्न चहाच्या वेळी घेतो.