कृष्णराजाचं रूपक

(दृश्य: काळ्या मखमलीवर चांदीचं नाणं, अगदी जवळून)

नखाएवढं चांदीचं नाणं. वजन 2 ग्रॅमच्या आसपास. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसरीकडे बसलेला नंदी आणि कडेनं फिरत गेलेली ब्राह्मी अक्षरं: परममाहेश्वर (म्हणजे शिवाचा परमभक्त), मातापित्यांच्या चरणांचं चिंतन करणारा श्रीकृष्णराज. पण त्याचं घराणं कोणतं, नाणं पाडलं कधी आणि कोणत्या टांकसाळीत, यातलं काहीच त्यावर नाही. चेहऱ्यावरूनही राजा ओळखता येत नाही, कारण तो घाट पश्चिमी क्षत्रप या पश्चिम भारतातल्या जुन्या राजांच्या नाण्यांपासून चालत आलेला.

मग हा कृष्णराज कोण? जुन्या अभ्यासकांनी राष्ट्रकूट कृष्ण पहिला याचं नाव घेतलं. वेरूळचं कैलास लेणं त्याच्या काळातलं. एवढा मोठा राजा म्हटल्यावर ते पटण्यासारखंही होतं.

(दृश्य: नागपूर, मॉरिस कॉलेजची जुनी इमारत)

याच कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या वा. वि. मिराशींनी नाण्याचा उलगडा ताम्रपटांतून केला. नाशिकजवळ अंजनेरीला भोगशक्ती या मांडलिक राजाचे ताम्रपट सापडले. काळ कलचुरी संवत 461, म्हणजे इसवी सन 710 च्या सुमाराचा. त्यांत पैशांचा हिशेब चक्क 'कृष्णराज-रूपकां'त, म्हणजे कृष्णराजाच्या चांदीच्या नाण्यांत दिलाय! राष्ट्रकूट कृष्ण गादीवर आला त्यानंतर चाळीसेक वर्षांनी. त्याच्या नावाचं नाणं तेव्हा बाजारात असेलच कसं?

म्हणजे कृष्णराज भोगशक्तीच्याही आधीचा. सहाव्या शतकातला, नर्मदेकाठच्या माहिष्मतीचा कलचुरी घराण्यातला राजा. त्याचा मुलगा शंकरगण. त्याचा ताम्रपट नाशिक जिल्ह्यातल्याच अभोण्याचा. त्यात वडिलांचं वर्णन येतं, जन्मापासून पशुपतीचा भक्त. नाण्यावरच्या 'परममाहेश्वर'शी ते नेमकं जुळतं. इतकी सरळ मांडणी इतिहासात क्वचितच वाट्याला येते.

आम्हाला सगळ्यात थक्क करतं ते या नाण्याचं आयुष्य. शंकरगणाचा मुलगा बुद्धराज चालुक्य मंगलेशाकडून हरला, पुढं कलचुरींचं हे राज्यच लयाला गेलं. भोगशक्तीचे सम्राट तर चालुक्य. तरी कृष्णराजाच्या मागं जवळपास दीडशे वर्षांनीही लोक त्याच्याच रूपकांत देणं-घेणं करत होते. उत्तरेत राजस्थानपर्यंत, दक्षिणेत कऱ्हाडपर्यंत आणि पूर्वेला बैतूलपर्यंत ही नाणी मिळाली आहेत. आपल्या विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या धामोरीला, त्यांचा मोठा साठाच निघाला.