घाट उतरताना

[दृश्य: केरी, सत्तरी. चोर्ला घाट उतरून आलेली जीप कडेला उभी. कॅमेरा चाकाजवळ.]

घाट उतरून नुकत्याच आलेल्या गाडीच्या चाकापाशी जरा वाकून बघा. उग्र, करपट वास येतो. टायर जळला असं वाटतं, पण टायर धड असतो. वास ब्रेकचा आहे. ड्रायव्हर तळहात चाकापासून वीतभर लांब धरतो आणि चटकन मागे घेतो.

"पाणी मारूं?" मागच्या सीटवरचा पोरगा विचारतो.

"नको रे, तडकेल. च्या घेऊया."

ब्रेकच्या तापलेल्या डिस्कवर, म्हणजे चाकामागच्या लोखंडी चकतीवर, एकदम गार पाणी पडलं तर ती वाकते, कधी तिला चीर जाते. म्हणून चहा.

[दृश्य: नकाशावर सह्याद्रीची रेघ, तिला छेदणाऱ्या तीन वाटा.]

गोव्यातून पूर्वेला बेळगाव, हुबळीकडे जायचं तर सह्याद्री चुकत नाही. साखळी-केरीवरून चोर्ला, कणकुंबी, जांबोटी ही एक वाट. फोंडा-मोलेवरून अनमोड ही दुसरी. तिसरी रेल्वेची, कुळ्याहून कॅसलरॉकला चढणारी. यातलं काय निवडायचं हे आपण ठरवतो तिकिटावर आणि वेळेवर. "गाडी पिकअपला कशी आहे?" हेही हौसेनं विचारतो. पण चढावर इंजिन कमी पडलं तर फार तर गाडी थांबेल. उतारावर ती थांबवणं हाच तर प्रश्न असतो.

[दृश्य: कुळे स्थानक. मागून जोडली जाणारी इंजिनं.]

या बाबतीत रेल्वेइतकं काटेकोर कोणी नाही. कुळे ते कॅसलरॉक अंतर सुमारे 26 किलोमीटर आणि चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. रेल्वेच्या हिशेबात हा फार मोठा चढ. त्यासाठी गाडीला जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. अशा मार्गांवर उतरताना ब्रेक आधी तपासून घ्यायचे आणि वेग बांधलेला ठेवायचा, असे नियमच असतात.

तरी डोंगर तो डोंगर. 23 जुलै 2021 ला कोकण रेल्वेचा मार्ग पुरानं बंद होता म्हणून मंगळूर-मुंबई एक्स्प्रेस इकडून वळवली, आणि दूधसागरच्या पट्ट्यात दरड येऊन ती रुळांवरून घसरली. प्रवासी सुखरूप राहिले. ऐन पावसाळ्यात कुठल्याही वाटेनं निघण्याआधी मार्ग चालू आहे ना, एवढं विचारून घ्यावं.

बाकी या गाडीतला खरा धोका आपणच तयार करतो. दूधसागर आला की अर्धा डबा दाराशी. पायरी ओली, एका हातात मोबाईल, पुढे बोगदा. धबधबा खिडकीतूनही तेवढाच पांढरा दिसतो हो!

[दृश्य: धुक्यातून येणारी बस, आधी दिवे, मग काच.]

माझं स्वतःचं मत विचाराल तर चोर्ल्यानं जायचं असेल तेव्हा दिवसाची महामंडळाची बस, गोव्याच्या कदंबची किंवा कर्नाटकची. सीटला पाठ लागत नाही, खिडकी खडखडते, सगळं मान्य. पण तो ड्रायव्हर त्याच वळणांवरून नेहमी जातो. पावसाळ्यात दहा हातांवरचं दिसत नाही, तेव्हा ही ओळखच कामाला येते. कुणाला गाडी लागत असेल तर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली सीट घ्या, मागची नको.

रात्रीच्या स्लीपरचं मात्र वेगळं. आंबोलीवरून पुणं, अनमोडवरून बंगळूर. आपण झोपतो, ड्रायव्हर जागतो. मोटार परिवहन कामगारांच्या 1961 च्या कायद्यात (तो 2025 पर्यंत लागू होता) दिवसाला 8 तास काम आणि सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. तिकीट काढताना एसी आहे का, चार्जिंग आहे का, सगळं विचारतो. दुसरा ड्रायव्हर आहे का, हे कधी विचारलंय?

[दृश्य: नंबरपाट्या, जवळून.]

भाड्याची गाडी घेताना आधी पाटी बघायची. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे टॅक्सी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे आपण चालवायला भाड्यानं मिळणारी. पांढरी पाटी म्हणजे कुणाची तरी घरची गाडी. ती भाड्यानं घेतली आणि घाटात काही झालं, तर विमा कंपनी पहिली हात वर करते.

एकदा मीही अशीच ओळखीतून गाडी घेतली होती. गणपतीनंतरचे दिवस, येताना अनमोड. निम्म्या उतारावर पेडल मऊ लागलं, मग स्पंजसारखं, मग थेट खाली. दुसऱ्या गिअरवर आणि हँडब्रेकवर कशीबशी मोल्याला आणली. मेकॅनिकनं झाकण उघडून ब्रेक ऑइल दाखवलं. चहाच्या रंगाचं. हे ऑइल हवेतलं पाणी पितं, आणि आपल्याकडच्या हवेत पाण्याला काय तोटा! डॉट-4 जातीचं नवं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी प्यायलेलं 155 लाच उकळू शकतं. उकळलं की त्यात वाफ, आणि वाफ दाबली तरी ब्रेक लागत नाही. तेव्हापासून मी गाडी घेताना गाणी कशी वाजतात ते बघत नाही. बॉनेट उघडायला सांगतो.

स्कूटरबद्दल थोडक्यात. बिनगिअरची स्कूटर उतारावर इंजिनाच्या जोरावर फारशी अडत नाही, सगळा भार ब्रेकवर. दोघं बसून, सामान लादून घाटात तिला नेऊ नका.

[दृश्य: अरुंद वळण. उतरणारी गाडी कडेला थांबते, खालची बस वर जाते.]

आणि ड्रायव्हर पारखायचा तर इथे. रस्ता अरुंद असेल तिथे वर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा कायद्यातलाच नियम. जो उतरताना आपणहून थांबतो, तो ज्या गिअरवर चढला साधारण त्याच गिअरवर उतरतो, हेही बघून ठेवा. जो न्यूट्रल टाकून "डिझेल वाचतं" म्हणतो, त्याला पुढच्या थांब्यावर नमस्कार करून उतरावं.

[दृश्य: पुन्हा केरी. जीप तिथेच.]

चहा संपला. मागच्या बाई वैतागल्या आहेत. "पात्रांव, डिचोलीला दवाखान्यात नंबर लावलाय, निघूया ना आता?"

ड्रायव्हर पुन्हा वाकतो, तळहात चाकाजवळ नेतो. या वेळी थोडा जास्त वेळ धरतो.

"आणखी पाच मिनिटं, बाय."

[चाकावर दृश्य स्थिर. मागे रातकिड्यांचा आवाज.]